टोयोटाची जुनी सुप्रा की मॅझ्दाची जुनी आरएक्स-७?

दोन्हींचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं, दोन्हींना (सुप्राच्या टर्बो आवृत्तीत) एकामागोमाग जागे होणारे दोन टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे. सांभाळायची तऱ्हा मात्र अगदी वेगळी.

सुप्राचं ३ लिटरचं, सहा सिलिंडरचं टूजेझेड इंजिन, बिडाचा ब्लॉक. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, कूलंट वेळेवर बदललं की ते फार काही मागत नाही. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर दिसला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेत. इंजिन गेलं असं समजू नका.

आरएक्स-७ला जीव लावावा लागतो. तिचं इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारं. रोटरच्या टोकांवरच्या अपेक्स सीलना वंगण मिळावं म्हणून तिचं इंजिन थोडं ऑइल जाळतंच, त्यामुळे दर टाकीला डिपस्टिक बघायची. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केलं, तर पेट्रोल साचून ती पुन्हा सुरू व्हायला छळते. तापमान चढलं तर तिथेच थांबा, 'घरापर्यंत जाऊ' म्हणू नका. घेताना रोटरी इंजिनाच्या खास गेजने कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) तपासा; प्रत्येक रोटरचे तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत.

व्हॅक्यूमच्या नळ्या दोन्हीकडे वाळतात. वाकवताच कडकन मोडणारी नळी बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, खाते. सगळ्या एकदमच बदला.

रोज चालवायची तर मी सुप्राच घेईन. पण घाटवळणांवर ती हलकी आरएक्स-७ हातात आली की मन तिच्याकडेच ओढ घेतं.