दारव्ह्याचं झेरॉक्सचं दुकान अन् माझी डिसॅबिलिटी पेन्शन (5 पैकी 4 स्टार)

हे फौजी भावांसाठी लिहून राहिलो, बाकीच्यांनी झेरॉक्सपुरतं वाचा. दारव्ह्यात जुन्या शकुंतला रेल्वेच्या टेशनाकडे जायच्या रोडवर एक झेरॉक्स-ऑनलाईनचं छोटं दुकान आहे. बोर्ड उन्हानं पार उडालाय, बाहेर एक बाकडं, त्याचा एक पाय विटेवर. झेरॉक्स 2 रुपये पान, स्पष्ट निघते. लाईन गेली की मात्र बसून राहा, इन्व्हर्टर आहे म्हणते पोरगा, पण मी तो चालू कधी पाह्यला नाही. एक स्टार त्याचाच कापला.

हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला इथंच करतो. आता नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणीचा महिना, बोटं बोंडानं खरचटलेली, अंगठा मशीनवर लागतच नाही. दुसरीकडे "उद्या या काका" म्हणून वापस पाठवते, इथल्या पोरानं मोबाईलसमोर चेहरा धरायला लावला, दोन मिनिटात काम झालं.

पण खरा रिव्ह्यू दुकानाचा नाहीच, आतल्या टेबलावर सोमवारी अन् गुरुवारी बसते त्या रिटायर सुभेदार साहेबांचा आहे. पैसे घेत नाही, आवाज मात्र अजून परेड ग्राउंडवालाच.

माझी केस सांगतो. 2002 ला भरती, 17 वर्षं सर्विस, 2019 ला नाईकाच्या हुद्द्यावरून घरी आलो. 2014 मध्ये एलसीवर (ताबारेषेवर) असताना बीपी निघाली, तेव्हापासून लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा खालचा दर्जा. रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे सुटताना तपासणाऱ्या डॉक्टरांनी, 30 टक्के डिसॅबिलिटी लावली पण शेरा मारला की आजार सर्विसमुळे झालेला नाही अन् सर्विसमुळे वाढलेलाही नाही. आपले लोक त्याले नाना म्हणतात. नाना लागला की डिसॅबिलिटीचा पैसा बंद, फक्त सर्विस पेन्शन. तसं रिजेक्शनचं इंग्रजी पत्र घरी आलं, मी ते काळ्या पेटीत टाकून दिलं. अपील सहा महिन्यात करायची असते हे त्यातच लिहिलं होतं म्हणे. मधात दुसऱ्या गावचा एक एजंट भेटला, त्यानं 8 हजार घेतले, एक छापील अर्ज पाठवला ज्यात बीपीच्या जागी गुडघा लिहिला होता, अन् नंतर फोन उचलणं बंद.

साहेबांकडे गेलो तर त्यांनी आधी कहाणी ऐकलीच नाही. म्हणे, "बोलणं मंग कर, एएफएमएसएफ 16 काढ." म्हणजे बोर्डाची शीट. पेटीतून आणलेल्या गठ्ठ्यात डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) अन् सगळ्यात खाली ती शीट, कोपरा वाळवीनं खाल्लेला. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोटानं वाचली अन् एका जागी थांबले. "भरती व्हायच्या आधी आजार होता का, असं इचारलं हाय. बोर्डानं काय लिवलं?" मी म्हटलं, नाही लिहिलंय. "मंग आला कुठून? शेतातून?"

पाच वर्षं तो कागद माझ्या घरात होता अन् मी तेवढी ओळ वाचली नव्हती राजेहो.

मंग त्यांनी समजावलं. सुप्रीम कोर्टाचा 2013 चा धरमवीर सिंगचा निकाल आहे. भरतीच्या टायमाला मेडिकल कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, अन् नंतरचा आजार सर्विसचा नाही हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर, जवानावर नाही. बोर्डानं नुसतं "सर्विसमुळे नाही" लिहून चालत नाही, कारण द्यावं लागते. माझी केस मग मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे फौजेच्या केसेसच्या कोर्टात गेली. कुठल्या वर्षी कुठं पोस्टिंग होती त्याची यादी साहेबांनी माझ्याकडून तीनदा लिहून घेतली, एका महिन्याची गफलत झाली तर असे रागावले की बाहेर बाकड्यावरचे लोक आत डोकावले.

हिशोब पण त्यांनीच झेरॉक्सच्या पाठीमागं करून दाखवला. शेवटचा पगार समजा 40,000. शंभर टक्के डिसॅबिलिटीला त्याचा 30 टक्के, म्हणजे 12,000. तर 30 टक्केवाल्याला 3,600. पण सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या राम अवतार निकालानं राउंडिंग भेटते, 50 च्या खाली असेल ते 50 धरतात, म्हणजे 6,000, वरून महागाई भत्ता. मात्र डिसॅबिलिटी निदान 20 टक्के पाह्यजे.

निकाल माझ्या बाजूनं लागला. पण एरियर (थकलेला पैसा) केस टाकली त्याच्या मागच्या तीनच वर्षांचा भेटला, कारण केस टाकली 2024 मध्ये. 2019 ते 21 चे पैसे गेले ते गेलेच. बायको अजून त्या पेटीकडे पाहून टोमणा मारते. ज्यांचं रिजेक्शन पत्र घरी पडून आहे त्यांनी एवढं ध्यानात घ्या. अन् 21 सप्टेंबर 2023 नंतर सुटलेल्यांनी माझ्यावरून हिशोब लावू नका, त्यांचे नियम नवे आहेत, ते साहेबांना वेगळं विचारा.

जाताना कागद ओरिजनल न्या, मोबाईलमधले फोटो ते पाहत नाहीत. बोर्डाची शीट हरवली असेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा टाकायचा तेही सांगतात. सकाळी 11 च्या आत पोहोचा, दुपारून यवतमाळची गाडी पकडतात. तंबाखू मागतील, देऊ नका, डॉक्टरनं मना केलीय. चहा चालते, बिनसाखरेचा.