लाग्रिमा वाजेल अशी गिटार करून देणारं दुकान

गिटार खरं तर लेकीची. ती पुण्याला शिकायला गेली आणि नायलॉनच्या तारांची ही क्लासिकल गिटार कपाटावर पडून राहिली. मी नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. दोन वर्षांपूर्वी गिटार खाली काढली, आणि आता फ्रान्सिस्को तारेगाचं 'लाग्रिमा' हातात बसत आलंय. लाग्रिमा म्हणजे अश्रू. तारेगा स्पेनचा, १८५२ ते १९०९ हा त्याचा काळ. रचना एवढीशी, दोन भाग आठ-आठ मापांचे, म्हणजे आवर्तनांचे, मग पुन्हा पहिला. पण वाद्यात खोट असेल तर ती सगळी उघडी पाडते.

माझ्या वाद्यात खोट आली ती तारा बदलताना. एका दुकानात नायलॉन काढून स्टीलच्या तारा चढवून दिल्या, "आवाज खणखणीत येईल" म्हणून. स्टीलच्या तारांचा ताण बराच जास्त असतो, आणि क्लासिकल गिटारची आतली बांधणी तेवढ्या ताणासाठी केलेलीच नसते. तीन आठवड्यांत घोडी, म्हणजे तारा जिला बांधलेल्या असतात तो लाकडी ठोकळा, मागून उचलली गेली, खालून कागद सरकायला लागला. लेकीला फोनवर सांगताना मला रडू आलं.

मंडळातल्या तबलजींनी मेन रोडवरून भद्रकालीकडे वळणाऱ्या गल्लीतलं हे दुकान सांगितलं. पेटी, तबला, सतार यांच्या दुरुस्तीचं, चार माणसं उभी राहिली की भरणारं. काकांनी गिटार हातात घेतली, घोडीखाली नख घालून पाहिलं आणि विचारलं, "ताई, यावर वाजवता काय?" हा प्रश्न मला आजवर कुठल्याच दुकानात कुणी विचारला नव्हता.

मी पेटीवाली, म्हणून त्यांना पेटीच्याच भाषेत सांगितलं. स्वर पांढरी तीन, म्हणजे तिसरी पांढरी पट्टी हा सा. वरच्या तारेवर ग म प, त्याच वेळी चौथ्या तारेवर सा रे ग, आणि मधे दुसरी तार उघडी, ती पंचमाची, सतत वाजत राहते. पहिल्या मापाच्या तिसऱ्या मात्रेला वरचा पंचम सातव्या पडद्यावर (दांडीवरच्या सातव्या आडव्या पट्टीवर) येतो आणि खाली तोच पंचम उघडा असतो. तार पडद्यापासून उंच असली की दाबताना ताणली जाते, वरचा पंचम चढा लागतो आणि दोघांचं भांडण लगेच ऐकू येतं. माझ्याकडे नेमकं हेच होत होतं. बाराव्या पडद्यावर सहावी तार साडेपाच मिलिमीटर वर होती.

लयही सांगितली. आंदांते, म्हणजे चालीची लय, रमतगमत नाही आणि घाईत तर नाहीच. तीन मात्रा, प्रत्येकीत दोन स्वर. आकडा दादरा तालाचा सहाच, पण झोक दोन-दोन-दोनचा. जलद रचनेत एखादा स्वर जरा चढा लागला तर निभावून जातं. इथे प्रत्येक स्वर थांबतो, त्याला लपायला जागा नसते.

घोडी पुन्हा चिकटवून शिकंज्यात दोन दिवस ठेवली, नायलॉनच्या तारा चढवल्या, तारा ज्या पट्टीवर टेकतात ती खालून घासली. मी घ्यायला गेले तर काका म्हणाले, वाजवा. पहिली ओळ फार सुंदर उमटली, पंचमाला पंचम जुळला. ओळ संपताना खर्जाचा उघडा सा छेडला आणि तो झणझणला. तार आता जरा जास्तच खाली आली होती. काकांनी मान हलवली. "सतारीला हीच झणझण, म्हणजे जवारी, मी तासून तासून आणतो, तुमच्या वाद्यातून ती काढायची." गिटार ठेवून घेतली. पट्टीखाली खर्जाच्या बाजूने पातळ लाकडी कपची बसवली, परत वाजवायला लावलं, थोडी घासली, परत वाजवलं. असं चार वेळा. शेवटी बाराव्या पडद्यावर खर्जाकडे चार मिलिमीटर, वरच्या तारेकडे तीन.

मग मी दुसरा भाग वाजवला. सा तोच, गंधार कोमल होतो, धैवत कोमल, निषाद मधे मधे शुद्ध. मला तिथे कीरवाणी रागाचा भास होतो. नाव अश्रू, पण सुरुवात शुद्ध गंधाराने, हे मला या रचनेत सगळ्यात जास्त भिडतं. माणूस आधी हसून बोलतो, मग आवाज बदलतो, मग पुन्हा तेच पहिलं वाक्य. शेवटी शुद्ध गंधार परत आला तेव्हा काकांनी पेटीचा भाता धरून ठेवला होता, समोरचं गिऱ्हाईकही गप्प होतं. घोडी जागेवर नसती तर तो शुद्ध गंधार मला असा मिळालाच नसता.

एकूण १,५५० रुपये लागले, तारांसकट. पाच दिवस सांगून नऊ दिवस लागले, ते मला खटकलं. दोन फेऱ्या फुकट गेल्या, आणि त्या गल्लीत गाडी लावायला जागा नाही. सहाव्या तारेची खुंटी अजून थोडी घसरते. ती बदलायला हवी, असं काकांनी स्वतःहून सांगितलं, पण जुळणारा जोड त्यांच्याकडे नव्हता.

गिटार दुरुस्तीला टाकायची असेल तर सकाळी जा, संध्याकाळी पेट्यावाल्यांची गर्दी असते. आणि तारा छेडायची नखं कापून जाऊ नका, वाजवून दाखवावं लागतं.