नेरळ-माथेरान मिनी ट्रेन: लेकीच्या वाढदिवसाची आमची चौथी फेरी

रेटिंग पाचपैकी पाच. डिसेंबरात चिऊचा वाढदिवस असतो, चौथ्या वाढदिवसाला पहिल्यांदा नेलं होतं आणि यंदा ती सात पूर्ण झाली. सकाळी घरी आईने ओवाळलं की आम्ही दोघंच निघतो, डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडायची, नेरळला उतरायचं आणि मिनी ट्रेनची लाइन लावायची. केक वगैरे संध्याकाळी, तोपर्यंतचा दिवस बाप-लेकीचा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना सांगतो, नेरळहून वर जाणाऱ्या गाडीचं आगाऊ बुकिंग मिळेल या भरवशावर राहू नका, तिथल्याच खिडकीवर तिकीट काढावं लागतं आणि डबे मोजकेच, त्यामुळे लवकर पोचा. शनिवार-रविवार तर टाळाच. आम्ही वाढदिवस कुठल्याही वारी येवो रजा टाकून जातो, शाळेलाही दांडी, त्याबद्दल बाई काय म्हणायच्या ते म्हणोत. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) गाडी बंद असते, तेव्हा फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते, हे बघून प्लॅन करा.

आता गाडीबद्दल. 1907 साली सुरू झालेली, आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःचा पैसा घालून बांधलेली. रूळ जेमतेम दोन फुटी. अंतर फक्त 21 किलोमीटर, पण त्याला अडीच तासांच्या वर लागतात, कारण नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर आणि माथेरान आठशेवर, मग गाडी डोंगराला वळसे घालत घालत चढते. लोक म्हणतात टॅक्सीने अर्ध्या तासात दस्तुरीला, म्हणजे जिथपर्यंत टॅक्सी जाते तिथे, पोचता की, एवढा वेळ कशाला घालवायचा. अहो मला तोच वेळ हवा असतो! एरवी मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते. इथे समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, रेंज येते-जाते, आणि जुम्मापट्टी स्टेशन येईपर्यंत वर्गातल्या सगळ्या भांडणांचा रिपोर्ट मिळतो, कोण कोणाशी कट्टी, कोणाचा दात पडला, कोणी डब्यात रोज मॅगी आणते.

वॉटर पाइप स्टेशनला माकडं असतात, डबा उघडायचा नाही, दोन वर्षांपूर्वी आमच्या शंकरपाळ्यांची अख्खी पिशवी गेली आणि ती रडली होती. यंदा तिनेच पिशवी फ्रॉकखाली धरून ठेवली.

आणि बोगदा. या मार्गावर एकच बोगदा, नाव वन किस टनेल, एक पापी घेईपर्यंत संपतो म्हणून. आमचा नियम ठरलेला, अंधार झाला की तिने बाबाच्या गालावर पापी द्यायची. आधीची तिन्ही वर्षं ती बोगदा यायच्या कितीतरी आधीपासून ओरडत असायची, आला का, आला का. यंदा गप्प बसली होती. बोगद्यात शिरताना तिने आधी बाजूच्या बाकावरच्या काकूंकडे बघितलं, मग पटकन वाकून आवाज न करता दिली आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली. मी काहीच बोललो नाही, तिचा हात मात्र माथेरान येईपर्यंत सोडला नाही.

वर पोचल्यावर नगरपालिकेचा प्रवेश कर भरावा लागतो, सुट्टे ठेवा. गाड्यांना बंदी असल्याने लाल मातीच्या रस्त्यावर पोर मोकळी पळते, फक्त घोडे आले की बाजूला घ्या आणि पांढरे बूट घालू नका. जेवणाचं मात्र नीट विचारून घ्या, बाजारातल्या एका हॉटेलात थाळीतली आमटी गार होती आणि एका ताटात दोघं जेवलो म्हणून जादा पैसे लावले, तेही सांगितलं बिलाच्या वेळी. आता आम्ही घरून पोळी-भाजी नेतो आणि शार्लोट लेकच्या बाजूला झाडाखाली बसून खातो. चिक्की बाजारातूनच, ती आईसाठी. येताना शटलने अमन लॉज आणि तिथून टॅक्सीने नेरळ, उतरताना ती मांडीवर झोपते.

स्टेशनवरच्या माथेरानच्या पाटीखाली दरवर्षी एक फोटो काढतो. पहिल्या वर्षी पाटीच्या खालच्या कडेला तिचं डोकं लागत नव्हतं, यंदा वेण्यांची रिबिन अक्षरांवर आली. पुढच्या डिसेंबरची रजा आताच टाकून ठेवली आहे.