स्ट्रेटफर्ड पब्लिक हॉल: मंगळागौरीसाठी घेतला आणि मनात भरला

मँचेस्टर आणि आजूबाजूच्या मराठी मंडळींना सणवार जवळ आले की एकच प्रश्न पडतो, हॉल कुठला घ्यायचा? आमच्या बायकांच्या ग्रुपवर तर हा प्रश्न आषाढातच सुरू होतो. यंदा माझं उत्तर पक्कं आहे. चेस्टर रोडवरचा स्ट्रेटफर्ड पब्लिक हॉल घ्या. आम्ही श्रावणात मंगळागौरीचे खेळ तिथे केले. नुसतं भाडं आणि खुर्च्यांची संख्या सांगून या जागेचं मोल कळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खेळांबद्दल, कारण आमची परीक्षा तिथेच होती. मंगळागौर म्हटलं की तीसेक बायका नऊवारी नेसून दोन-तीन तास सलग नाचणार. झिम्मा, फुगडी, पिंगा, सूप, लाटणं, गाठोडं, सगळं आलंच. इथे बहुतेक ठिकाणी जमिनीवर जाडसर गालिचा असतो. गालिच्यावर फुगडी घालून बघा, पाय फिरतच नाही, घोटा मुरगळतो. फरशी असली तर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतात. या हॉलची मोठी खोली म्हणजे वरच्या मजल्यावरची जुनी बॉलरूम, आणि जमीन लाकडी. जोडीने नाचणाऱ्यांसाठी केलेली ही खोली फुगडीला इतकी मानवेल असं मला वाटलं नव्हतं. पाय सरकतो, पण घसरत नाही. बस फुगडीला टाच आपटली की लाकूड किंचित दबतं आणि पाय वर उचलून देतं. झिम्म्याच्या टाळ्या उंच छतापर्यंत जाऊन घुमत होत्या. साठी ओलांडलेल्या आमच्या एक काकू "मी आता बसते" म्हणत होत्या आणि दर खेळाला पुन्हा उठत होत्या. जमीन चांगली असली की असं होतं.

आता ही बॉलरूम आज उघडी का आहे, ते. इमारत १८७८ सालची, घड्याळाच्या मनोऱ्याची. बांधली जॉन रायलंड्स यांनी. कापडाच्या धंद्यात अफाट पैसा मिळवलेला हा माणूस स्ट्रेटफर्डमध्येच, लाँगफर्ड हॉल नावाच्या वाड्यात राहायचा. मँचेस्टरला डीन्सगेटवर त्यांच्या नावाचं जे देखणं ग्रंथालय आहे, ते त्यांच्या पत्नी एन्रिकेटा यांनी पतीच्या मृत्यूनंतर उभारलं. भारतातून पाहुणे आले की आपण सगळेच त्यांना ते दाखवायला नेतो, पण त्याच माणसाने गावासाठी बांधलेला हॉल आपल्या ट्रामच्या वाटेवर आहे हे फारसं कुणाला माहीत नसतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांनी वऱ्हाड-खानदेशाचा कापूस मुंबईहून ओढला होता. या भागातल्या कापडाच्या पैशात आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या घामाचाही वाटा आहे, असं मला या गावातून जाताना नेहमी वाटतं.

पुढे इमारत स्थानिक कौन्सिलकडे गेली. कधी तिथे नाटकं झाली, कधी कचेऱ्या थाटल्या. २०१० नंतर इंग्लंडमधल्या कौन्सिलांचे पैसे आटले आणि ग्रंथालयं, पोहण्याचे तलाव, सभागृहं एकामागून एक विकायला निघाली. २०१४ मध्ये हा हॉलही त्या वाटेवर होता. तेव्हा गावातले लोक एकत्र आले, 'फ्रेंड्स ऑफ स्ट्रेटफर्ड पब्लिक हॉल' अशी संस्था काढली आणि २०१५ मध्ये इमारत स्वतःच्या ताब्यात घेतली. घेतली म्हणणं सोपं आहे. अशी इमारत सरकारी वारसा यादीत असते, त्यामुळे साधी खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. छप्पर, गटारी, विमा, बॉयलर यांची बिलं तुम्ही हौशी आहात म्हणून कमी होत नाहीत.

माझा पेशा हिशेबाचा, त्यामुळे त्यांनी पैसे कसे उभे केले हे मी मुद्दाम वाचून काढलं. २०१७ मध्ये त्यांनी 'कम्युनिटी शेअर' विकायला काढले. सुमारे ८०० लोकांनी मिळून अडीच लाख पौंडांहून जास्त रक्कम दिली, आणि त्यातून बॉलरूम पुन्हा वापरात आणण्याचं काम झालं. ही आपली वर्गणी नव्हे. वर्गणी दिली की ती गेली, पावती तेवढी हातात राहते. इथे तुम्ही संस्थेचे सभासद होता, तुमचे पैसे भांडवल म्हणून तिथे राहतात आणि संस्थेची परिस्थिती असेल तर नियमानुसार काढूनही घेता येतात. शेअर बाजारात विकता येत नाहीत, भाव वाढून फायदा होत नाही, बुडण्याचा धोका मात्र असतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुणी थोडे शेअर घेवोत की ढीगभर, मत प्रत्येकाला एकच.

माझं माहेर सांगलीचं. सहकारी साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा, एका सभासदाला एक मत, अहवाल वाचन आणि त्यावरची खडाजंगी हे सगळं मी लहानपणापासून घरात ऐकलंय. वडील सभेहून आले की जेवताना तोच विषय. त्या नियमाचं मूळ इथून थोड्याच अंतरावर आहे. रॉचडेलमध्ये १८४४ साली २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर, स्वतःचं दुकान काढलं आणि एका सभासदाला एक मत हे तत्त्व धरून चालवलं. टोड लेनवर त्यांच्या दुकानाचं संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जरूर जा. सांगलीची सहकारी चळवळ आणि स्ट्रेटफर्डचा हा हॉल एकाच घरातले आहेत हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. आपल्या गावाकडे सहकाराबद्दल हल्ली लोक कडवट बोलतात. इथे तेच तत्त्व एका बॉलरूमची जमीन वाचवताना दिसलं.

आमच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही तयारीला गेलो, तेव्हा एक निवृत्त गृहस्थ आधीच आलेले होते. खुर्च्यांची एकेक चळत उतरवून ते प्रत्येक खुर्ची उलटी करत, चारही पायांना खालून बोट लावून बघत आणि पुन्हा सरळ ठेवत. जिथे पायाखालचा फेल्टचा तुकडा निघालेला असेल तिथे खिशातून नवा काढून चिकटवत. अंगठा दाबून थोडा वेळ तसाच धरून ठेवत, मगच पुढची खुर्ची. मी विचारलं तर म्हणाले, एक उघडा पाय ओढला गेला की जमिनीवर लांब ओरखडा येतो आणि तो घासून काढायला किती खर्च येतो हे मला माहीत आहे, माझेही थोडे पैसे या जमिनीत आहेत. मग आमच्या दोघी-तिघीही त्यांच्याबरोबर खुर्च्या उलट्या करायला बसल्या. मंगळागौरीची तयारी अशी सुरू झाली.

दुसरा प्रसंग निरांजनाचा. उघड्या ज्योतीला इथे जवळजवळ कुठल्याच हॉलमध्ये सहजासहजी परवानगी मिळत नाही, आणि ते योग्यही आहे, इतकी जुनी, लाकडी जमिनीची इमारत म्हटल्यावर तर नक्कीच. बहुतेक ठिकाणी "नाही" एवढंच उत्तर येतं आणि मग आपण बॅटरीवरचे दिवे लावून आरती करतो. इथे आम्ही पूजेचं आधी कळवलं होतं. त्यांनी विचारलं, ज्योत किती मोठी, किती वेळ, कशावर ठेवणार? मी फोटो दाखवला, तुपातली फुलवात, पितळी निरांजन, खाली ताट. शेवटी ठरलं की आरतीपुरतंच पेटवायचं, पडदे आणि पदरापासून लांब, शेजारी आग विझवायचं नळकांडं घेऊन एक माणूस उभा. उदबत्ती आणि धूप मात्र नाही, कारण धुराचा अलार्म वाजला तर सगळी इमारत रिकामी करावी लागते. आरतीच्या वेळी नळकांडं घेऊन त्यांच्याच एक बाई उभ्या राहिल्या. आरती संपल्यावर त्यांनीही दोन्ही हात ज्योतीवरून फिरवून डोळ्यांना लावले. कुणी सांगितलं नव्हतं, आमचं बघून केलं.

तुलना करायची तर, पूर्वी आम्ही एका खासगी हॉलमध्ये कार्यक्रम केला होता. नाव घेत नाही. भाडं वेळेत भरलं, झाडूनपुसून दिलं, तरी टेबलावर हळदीचा पुसट डाग राहिला म्हणून अनामत परत मिळाली नाही, आणि बोलायला समोर माणूसच नव्हता, फक्त ईमेल. स्ट्रेटफर्डला अनामतीचे नियम नाहीत असं नाही. पण नियम सांगणारा माणूस त्याच गावात राहतो, उद्या बाजारात भेटणार असतो. तो डाग बघतो, स्पंज आणतो आणि तुम्हाला देतो. आमच्या कोशिंबिरीचा डाग तसाच निघाला.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ट्रामने या, ऑल्ट्रिंकमच्या मार्गावर स्ट्रेटफर्ड स्टॉप आहे. चेस्टर रोड वाहता रस्ता आहे, शनिवारी गाडी लावायला जागा शोधण्यात वेळ जातो, म्हणून सामानाची एक गाडी आणि बाकी सगळे ट्रामने असं आम्ही ठरवलं होतं. नऊवारीत ट्राममध्ये बसलेल्या बायकांकडे लोक कौतुकाने बघतात, दोघींनी तर हॉलपर्यंतच्या वाटेवर चार नव्या मैत्रिणी जमवल्या. जेवण बाहेरून आणणार असाल तर काय गरम करता येईल, किती ताटं मांडता येतील, हे बुकिंगच्या वेळीच बोलून घ्या. पुरणपोळीचे डबे, मसालेभात आणि मठ्ठा, एवढ्यात आमचं छान निभलं. हिवाळ्यातला कार्यक्रम असेल तर उबेची चौकशी आधी करा, उंच छताची जुनी खोली तापायला वेळ लागतो, तो वेळ तुमच्या बुकिंगमध्ये धरलेला असू द्या. आणि चौकशीचा मेल चार दिवस आधी नको, महिना-दोन महिने आधी पाठवा. कारभार बघणाऱ्या मंडळींपैकी बरेच जण आपापल्या नोकऱ्या, नातवंडं सांभाळून हे करतात.

भाड्याबद्दल मी आकडा लिहीत नाही, कारण कार्यक्रमाचा प्रकार, खोली आणि वेळ यांप्रमाणे तो बदलतो, त्यांच्याकडूनच घ्या. एवढं सांगते की आम्हाला तो रास्त वाटला. आणि हिशेब ठेवणारी म्हणून मला एक गोष्ट आवडली की त्या भाड्यातला पौंड कुणा मालकाच्या खिशात जात नाही. अशा संस्थेला नफा झाला तर तो इमारतीत आणि गावाच्या कामातच घालावा लागतो. आमच्या फुगड्यांच्या पैशातून कदाचित एखादी पन्हळ दुरुस्त होईल.

याच रस्त्यावर लाँगफर्ड सिनेमाची १९३६ सालची इमारत आहे. गल्ला मोजायच्या यंत्रासारखा दर्शनी भाग असलेली, एकेकाळी केवढी मिरवलेली. तिथे आधी सिनेमा होता, मग बिंगो आला, आणि १९९५ पासून ती बंद पडून आहे. कार्यक्रम संपवून सामान गाडीत भरताना माझ्या मुलीने विचारलं, आई, तो हॉल उघडा आणि हा बंद, असं का? मी तिला त्या ८०० लोकांची गोष्ट सांगितली. तिने लगेच हिशेब केला, तिच्या शाळेत जेवढी मुलं आहेत जवळपास तेवढेच.

आपल्याकडे परदेशातल्या मंडळांमध्ये 'स्वतःची वास्तू' हा विषय दर वार्षिक सभेत निघतो. मोठ्या देणगीदाराची वाट बघत पुन्हा पुढच्या वर्षावर जातो. मला वाटतं, वास्तू घेण्याआधी एक वास्तू चालवायला शिकायला हवं, आणि ते शिकायची संधी अशा हॉलमध्ये आहे. भाडं देऊन निघून येण्याऐवजी महिन्यातून एखादी सकाळ तिथे द्यावी. खुर्च्यांपासून विम्याच्या कागदांपर्यंत काय काय लागतं ते बघावं. आमच्यापैकी दोघींनी तिथे मदतीसाठी नाव दिलं आहे, एकीने बागकामाला आणि मी अर्थात हिशेबाला. मंडळाच्या येत्या सभेत मी ठराव मांडणार आहे की कोजागिरी आणि बालदिनाचे कार्यक्रमही इथेच घ्यावेत, आणि पुन्हा कधी शेअर खुले झाले तर मंडळाच्या शिल्लक रकमेतून थोडे घ्यावेत. ज्यांना ठरावाला अनुमोदन द्यायचं आहे त्यांनी सभेला जरूर यावं. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही यावं, फक्त येण्याआधी एकदा त्या बॉलरूममध्ये जाऊन फुगडी घालून बघावी.