पीयूसीत नापास झालेली गाडी: दुरुस्त करून विकावी, आहे तशी द्यावी, डीलरला की भंगारात?

पीयूसीत, म्हणजे धुराच्या प्रदूषण चाचणीत, नापास झालेली गाडी विकणं हा गुन्हा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ अशी गाडी रस्त्यावर चालवायला आणि दुसऱ्याला चालवू द्यायला मनाई करतो. खासगी मालकाने ती विकूच नये, असं त्यात म्हटलेलं नाही. तरीही असे व्यवहार अंगाशी येतात, आणि ते धुरापेक्षा नावामुळे जास्त येतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदांत चालू पीयूसी लागते. ती नसली की पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत अर्ज अडकतो. तोवर गाडी मात्र घेणाऱ्याच्या पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिलेली असते आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव तुमचंच असतं.

कायद्याच्या लेखी आरसीवर ज्याचं नाव, तो मालक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताची भरपाई त्याच्यावरच आली. त्यामुळे खालचे चार मार्ग तोलताना किंमत किती मिळते याआधी हे विचारा: माझं नाव आरसीवरून कधी उतरेल, आणि तोवर गाडी कोणाच्या ताब्यात असेल?

आधी गाडी का नापास झाली ते वाचा

नापास गाडीला पीयूसी केंद्रावर मोजमापाच्या आकड्यांची रिजेक्शन स्लिप मिळते. ती फेकू नका. दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकला ती उपयोगी पडते, आणि पुढे वाद झालाच तर तुमच्याही कामाची ठरते. पुण्यात बीएस-४ हे धुराचं मानक एप्रिल २०१० पासून लागू झालं, देशभर ते २०१७ मध्ये आलं. त्यामुळे २०१२ ची पुण्यात नोंदलेली पेट्रोल हॅचबॅक बीएस-४ च्या कडक मापाने मोजली जाते. आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि एचसी म्हणजे न जळालेलं इंधन २०० पीपीएम, साधारण २५०० आरपीएमवर सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचं माप, ०.९७ ते १.०३. बीएस-४ डिझेलला धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्या डिझेलला २.४५.

आकडे बरंच सांगतात. सीओ जास्त आणि एचसी ठीक असेल तर इंजिनला पेट्रोल जास्त जातंय: तुंबलेला एअर फिल्टर, मेलेला ऑक्सिजन सेन्सर किंवा गळका इंजेक्टर. एचसी भडकलेला आणि सीओ कमी असेल तर मिसफायर, म्हणजे प्लग किंवा कॉइल. फक्त लॅम्डा वर गेला असेल तर बहुधा सायलेन्सरच्या जोडाला भोक पडलंय आणि बाहेरची हवा आत ओढली जातेय. ते वेल्डिंगचं काम आहे. सगळं बदलूनही सीओ आणि एचसी दोन्ही थोडे वरच राहिले, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला धूर स्वच्छ करणारा भाग, दमलाय. मोठा खर्च तिथेच आहे. डिझेलच्या काळ्या धुराला एअर फिल्टर, टर्बोचा फाटका होज, काजळी धरलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा इंजेक्टर, याच क्रमाने बघावं.

कन्व्हर्टर झिजलेला असणं आणि काढून टाकलेला असणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. झीज हा दोष झाला. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकणं हा परवानगीशिवाय केलेला बदल झाला, आणि तो करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर न चढवलेलं सीएनजी किटही बेकायदा बदलच. असा बदल असेल तर गाडी पूर्ववत केल्याशिवाय तिची जाहिरातसुद्धा टाकू नये.

दुरुस्त करून विकणं

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या अपेक्षित किमतीच्या दहा-पंधरा टक्क्यांत बसत असेल तर दुसरा मार्ग शोधण्यात अर्थ नाही. प्लग, फिल्टर आणि सेन्सर हे बहुतेक गाड्यांना परवडतं. चाचणीआधी गाडी वीसेक मिनिटं चालवून इंजिन आणि कन्व्हर्टर नीट तापू द्या. थंड गाडी उगाच नापास होते. पास झालेल्या बीएस-४ गाडीची पीयूसी बारा महिने चालते, त्याआधीच्या गाडीची सहा महिने.

धोका एकच, आणि तो तुमच्या हातातला आहे. टाकीत ॲडिटिव्ह ओतून एकदाची पीयूसी काढायची, किंवा स्कॅनर लावून एरर कोड पुसायचे, इंजिनचा दिवा विझला की गाडी दाखवायची. भारतीय करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दोष माहीत असताना तो लपवायला केलेली कृती म्हणजे कपट. निव्वळ गप्प राहणं सहसा कपट ठरत नाही, दिवा विझवणं ठरू शकतं. मग घेणारा व्यवहार रद्द करून पैसे परत मागू शकतो.

आहे तशी, खासगी ग्राहकाला

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘जशी आहे तशी’ हे तीन शब्द लिहून घेतले की झालं, असा समज आहे. दोषाच्या वादात त्या शब्दांना काही वजन आहे. वस्तू विक्री कायदा, १९३० प्रमाणे गुणवत्तेची गर्भित हमी मुख्यतः व्यापाऱ्यावर येते, एकदाच गाडी विकणाऱ्या घरगुती मालकावर नाही. पण आरटीओत आणि पोलिसांसमोर त्या शब्दांचा उपयोग शून्य.

टेस्ट ड्राइव्हचंच बघा. नापास गाडीची किल्ली तुम्ही ग्राहकाला दिली आणि तो सिंहगड रोडला चक्कर मारून आला, तर गाडी चालवू देणारे तुम्ही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. गाडी पार्किंगमध्येच सुरू करून दाखवावी. ग्राहकाचा मेकॅनिक तिथे येऊन स्कॅनर लावू दे, ते तुमच्याच फायद्याचं आहे. ज्याला दोष तपासायची पूर्ण संधी मिळाली, त्याला नंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं जड जातं.

हाच मार्ग घ्यायचा असेल तर क्रम उलटा करा. विसार घ्या, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करार करा, त्यात रिजेक्शन स्लिपचे आकडे तारखेसह लिहा आणि स्लिपची प्रत जोडा. दुरुस्ती घेणाऱ्याच्या खर्चाने, किमतीतून वजा करून, ठरलेल्या गॅरेजमध्ये. गाडी तिथे टोइंगने जाईल, चालवत नाही. पास झाली की हस्तांतराचा अर्ज, आणि अर्ज दाखल झाल्यावर उरलेले पैसे आणि किल्ली एकाच वेळी. ठरलेल्या दिवसांत पास झाली नाही तर विसाराचं काय, तेही आधीच लिहा. घासाघीस होईल, काही ग्राहक निघून जातील. ‘दोन दिवसांत नावावर करतो, फॉर्म सही करून द्या’ म्हणणारा गेलेलाच बरा.

मालकी बदलाचे फॉर्म २९ (विक्रीची सूचना) आणि ३० (हस्तांतराचा अर्ज), ज्यांना सगळे टीटी फॉर्म म्हणतात, ते घेणाऱ्याचं नाव आणि तारीख न भरता कधीही सही करू नका. कोरा फॉर्म तीन हातांतून फिरतो आणि शेवटी कोणाचं नाव पडेल ते तुम्हाला कळतही नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची स्वतःची जबाबदारी आहे, घेणाऱ्याला ३० दिवस मिळतात. त्यामुळे फॉर्म २९ एजंटवर सोडू नका, स्वतः दाखल करा आणि पोच जपा.

डीलरला

पैसे कमी मिळतात, पण नापास गाडीच्या बाबतीत ते गेलेले पैसे विम्याच्या हप्त्यासारखे धरा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. असा अधिकृत डीलर गाडी ताब्यात घेतो तेव्हा ताबा दिल्याची सूचना देणारा फॉर्म २९-सी ऑनलाइन भरला जातो, आणि तिथून पुढे गाडीची जबाबदारी त्याची. नाव आरसीवरून लगेच उतरत नाही, पण तारीख-वार नोंद तुमच्या बाजूने राहते. दुरुस्ती, पीयूसी आणि पुढच्या ग्राहकाच्या नावावर करणं हे त्याचं काम.

अट एकच, डीलर खरोखर अधिकृत हवा. रस्त्याकडेला चार गाड्या लावून बसलेला, जो २९-सी चं नाव काढल्यावर विषय बदलतो, तो डीलर नाही. त्याला विकणं म्हणजे खासगी विक्रीच, आणि तीही वाईट प्रकारची.

भंगारात

गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर हिशेब बदलतो. नोंदणी नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर, फिटनेस, वरून कन्व्हर्टर: बेरीज गाडीच्या किमतीजवळ जाते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात साधारण नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळावेत, असं केंद्राचं धोरण सांगतं. सोबत सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, ते दाखवून नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते आणि करात सवलत मिळते. कायदेशीर धोका चारही मार्गांत इथे सर्वात कमी, कारण गाडीच उरत नाही. गल्लीतल्या भंगारवाल्याला चार हजार जास्त मिळतात म्हणून दिली आणि नोंदणी रद्द केली नाही, तर चासी नंबरासकट तुमची गाडी कागदावर जिवंत राहते.

‘पीयूसी मॅनेज करतो’

हा पाचवा मार्ग नाही, गुन्हा आहे. गाडी न नेता फोटोवर काढलेली किंवा दुसरीच गाडी मशीनला लावून काढलेली पीयूसी दाखवून विकलं, तर प्रकरण दिवाणी राहत नाही. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ आणि बनावट कागद खरा म्हणून वापरल्याचं कलम ३४० लागू शकतं.

कोणत्याही मार्गाने गेलात तरी हस्तांतर पूर्ण होईपर्यंत थर्ड पार्टी विमा बंद पडू देऊ नका. वर सांगितलेल्या भरपाईचा भार त्याच्यावरच पेलला जातो. नो क्लेम बोनस गाडीचा नाही, तुमचा असतो, तो राखून ठेवल्याचं पत्र कंपनीकडून घ्या. थकलेली ई-चलनं भरा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (सुरक्षित नंबर प्लेट) बसवून घ्या, नाहीतर पीयूसी पास होऊनही अर्ज अडतो. आणि किल्ली देण्याआधी काचेवरचा फास्टॅग बंद करून खरवडून काढा, नाहीतर खेड-शिवापूरचा टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.