साताऱ्यात घरी येऊन पेट्रोलची टाकी रिकामी करून देणारे मामा

बाबांची अल्टो चौदा महिने शेडमध्ये उभी होती. पेट्रोलच्या झाकणाचं रबर तडकलेलं, वर साताऱ्याचा पाऊस. सुरू करण्याआधी टाकी रिकामी करणं भागच होतं.

आधी बोलावलेल्या मेकॅनिकने प्लास्टिकची बादली मागितली आणि नळी थेट तोंडाला लावली. मी त्याला तिथेच थांबवलं. पेट्रोलचा थोडासा घोट जरी श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसाला सूज येते. पैशांसाठी कुणी असा जीव धोक्यात घालावा, हे मला बघवत नाही.

मग शेजाऱ्यांनी या मामांचा नंबर दिला. अकराची वेळ देऊन आले तिन्हीसांजेला, आणि "अंधारात हे काम करत नाही, ताई" म्हणून परत गेले. तेव्हा मी चिडले होते, आता पटतंय.

सकाळी आल्या आल्या गाडी ढकलून अंगणात घेतली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवलं. मग आईला म्हणाले, "काकू, देवघरातला दिवा तेवढा शांत करा, गॅसही बंद ठेवा." पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत लांबपर्यंत जाते. आईने निमूटपणे दिवा शांत केला.

पेट्रोल भरायच्या नळकांड्यात जाळी असल्यामुळे पाइप आत जाईना. जबरदस्ती न करता त्यांनी गाडीखालून टाकीच्या रबरी पाइपाची क्लिप सोडवली. पत्र्याचा कॅन जमिनीवर ठेवून त्याला आणि गाडीच्या उघड्या लोखंडाला तारेने जोडलं, ठिणगी पडू नये म्हणून. मग हाताने दाबायच्या रबरी फुग्याच्या पंपाने सावकाश उपसा. साधारण अकरा लिटर निघालं. कॅन काठोकाठ भरला नाही, वर जागा सोडली.

काचेच्या बाटलीत थोडं काढून मला उन्हात धरून दाखवलं: वर पिवळसर पेट्रोल, तळाला बोटभर गढूळ थर, मधे स्वच्छ रेघ. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यासोबत खाली बसतं. तो थर इंजिनात गेला असता तर खर्च कुठल्या कुठे गेला असता.

सातशे रुपये घेतले, बिल दिलं नाही. खराब पेट्रोल सोबत नेलं, पण पुढे त्याचं काय करतात ते नीट सांगितलं नाही. ते मला खटकलं. गटारात ओतू नका, एवढं मी बजावलं.

नवीन पाच लिटर घातल्यावर गाडी तिसऱ्या सेल्फला सुरू झाली. बोलावणार असाल तर सकाळचीच वेळ मागून घ्या आणि आदल्या रात्री फोन करून आठवण करा.