टाटा १६१३ ट्रकचं इंजिन बदलायला निघालो होतो, बोअर करून आलो (उद्यमनगर, कोल्हापूर)

आमची टाटा १६१३, २००९ची, कमिन्स सहा सिलिंडर. जाताना पशुखाद्य, येताना कोकणातला चिरा, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी आंबा घाट. गेल्या वर्षापासून ब्रीदरमधून (इंजिनातली हवा-वाफ बाहेर सोडणारी नळी) भकाभका धूर, फेरीला दोन लिटर ऑइल वर घालायचं आणि लोडमध्ये घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईनाच.

आधी ज्या गॅरेजला दाखवली तिथं ऑइलचं झाकण काढून वाफ बघितली आणि डायरेक्ट सांगितलं, इंजिन संपलं, भंगारातलं जास्त पॉवरचं चांगलं इंजिन आहे, टाकून देतो. मोह झाला होता, खरं सांगतो. पण वाढीव पॉवर आली की क्लच, गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलमधला क्राउन सगळ्यावर ताण येतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, परवानगीशिवाय इंजिन बदललं आणि आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर पासिंगला आणि अपघातानंतर क्लेमला कोण उभं राहणार? आता गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. कंपनीचं रिकंडिशन इंजिन घ्यायचाही रस्ता आहे पण त्यातही नंबरचं काम नीट निस्तरावं लागतं.

मग उद्यमनगरातल्या या वर्कशॉपला आणली. मिस्त्रीमामांनी काहीच विकायचा प्रयत्न केला नाही, म्हणाले, "मालक, आधी खोलू, मोजू, मग बोलू." हेड उतरवल्यावर माझं बोट धरून चार नंबरच्या सिलिंडरच्या वरच्या कडेवरनं फिरवलं, नख अडकलं. पिस्टनची रिंग जिथपर्यंत जाते तिथं झिजून पायरी पडलेली. मग बोअर गेज सहाही सिलिंडरमध्ये वर, मधे, खाली लावून आकडे खडूनं ब्लॉकवरच लिहिले. या इंजिनला लायनर (सिलिंडरमधली बदलता येणारी नळी) नसतो, बोअर म्हणजे सिलिंडरचं भोक ब्लॉकमध्येच असतं, स्टँडर्ड १०२ मिलिमीटर, अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज पिस्टन मिळतो आणि त्यानंतर एक मिलिमीटरचाही. आमचा ब्लॉक अजून स्टँडर्डच होता! म्हणजे आता ०.५० बोअर केलं, भोक तेवढं कापून मोठं केलं, तरी पुढं एकदा जागा शिल्लक. क्रँकची जर्नलं (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मापात होती, नुसती पॉलिश करून नवीन बेअरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीटिंग, आणि डिझेलचे पंप-नोझल टेस्ट बेंचवर लावून घेतले.

बिल सगळं मिळून १ लाख ४७ हजार, पक्कं, पार्टचे डबे आणि जुने पिस्टन परत दिले. तक्रार एकच, सहा दिवस म्हणाले आणि अकरा लागले, मधे एक फोनसुद्धा नाही, हप्ता चालू असताना गाडी उभी राहते तेव्हा झोप लागत नाही हो.

पहिले हजार किलोमीटर हलका लोड मारून चालवली, मग ऑइल बदललं. आता तीन महिने झाले, ब्रीदरवर हात धरला तर नुसती कोमट हवा लागते आणि परवा चिरा भरून घाट तिसऱ्यात चढली.

ब्लॉकला तडा असेल किंवा दोन्ही ओव्हरसाइज वापरून झाले असतील तर इंजिन बदलायचा विचार जरूर करा, पण मोजल्याशिवाय कुणाचं ऐकू नका. आणि या वर्कशॉपला जायचं तर दिवाळीच्या बरंच आधी जा, गळीत हंगामाच्या तोंडावर तिथं ऊसवाल्यांच्या ट्रॅक्टरची रांग लागते.